वाफेच्या धुरांतली आकाशनगरी

जपानी चित्रपटांतील वाफेचीं यंत्रें, पितळी नळ्या आणि उडतीं जहाजें पाहून ‘ही कोणती तऱ्हा?’ असें आमचे विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारितात. या तऱ्हेस ‘स्टीमपंक’ म्हणतात. वीज व तेल यांचें युग जणूं आलेंच नाहीं, एकोणिसाव्या शतकांतील वाफेच्या बळावरच मनुष्य आकाशांत चढला, अशी कल्पना तिच्या मुळाशीं आहे. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकानें हा शब्द १९८७ सालीं, थोडासा थट्टेनेंच, सुचविला. मौज ही कीं, तिचा उत्तम नमुना त्याच्या आधींच, १९८६ सालीं, पडद्यावर आला होता. हायाओ मियाझाकी यांचा ‘लापुता’ तो हा होय.

हें नांव जोनाथन स्विफ्ट या धर्मोपदेशकाच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधील तरंगत्या बेटाचें आहे. तेथील राजा आपलें बेट बंडखोर प्रजेच्या डोक्यावर आणून उभें करी, व खालच्यांचें ऊन-पाऊस तोडी. चित्रपटांतही वरून सत्ता गाजविण्याचा लोभ हेंच संकटाचें मूळ आहे.

परंतु आम्हांस आकाशनगरीहून खालचें खाणींचें गांव अधिक मोलाचें वाटतें. मियाझाकी वेल्स प्रांतांत गेले, त्या सुमारास तेथें कोळशाच्या खाणींतील कामगारांचा संप झाला होता. १९८५ च्या मार्चांत तो मोडला, आणि पुढें खाणी एकामागून एक बंद पडल्या. कामासाठीं व गांवासाठीं झगडणारीं तीं माणसें मियाझाकींच्या मनांत राहिलीं. म्हणूनच पाझू हा पोरका मुलगा नुसता साहसी वीर नाहीं. तो खाणीच्या एंजिनावरील उमेदवार आहे. मिस्त्री गळकी नळी दुरुस्त करण्यांत गुंतलेला, आणि खालच्या मजुरांचा पाळणा वर आणण्याचें काम एकट्या पोरावर येतें! वर आलेल्यांच्या हातीं मात्र कांहींच लागलेलें नसतें.

वातावरण म्हणतात तें हेंच. दांडा ओढला कीं चाक फिरतें, चाक फिरलें कीं दोर ताणतो, आणि त्या दोरावर कोणाचा जीव आहे हेंही आपणांस ठाऊक असतें. पितळ व दंतचक्रें दागिन्यांसारखीं चिकटविणारे चित्रपट पुढें पुष्कळ निघाले. त्यांतील यंत्रें चकाकतात, पण चालतीं वाटत नाहींत.

याच चित्रपटांत एक यंत्रमानव किल्ला जाळतो. त्याच घडणीचा दुसरा वरच्या ओसाड नगरींत बाग राखीत असतो. अंगावर शेवाळ चढलेला तो जड हातांनीं मुलांचें विमान हलकेच उचलून बाजूस ठेवितो, कारण त्याखालीं पक्ष्याच्या घरट्यांत अंडीं असतात.