विषम गाड्यांची सम शर्यत

तालमींत जोड लावतांना वस्ताद दोघांचें वय, वजन आणि तयारी पाहतो. कसलेल्या मल्लापुढें कोवळ्या पोरास उभें करून मिळविलेल्या विजयास कोणी विजय म्हणत नाहीं. मोटारींच्या शर्यतींतही हाच प्रश्न उभा राहतो. अमेरिकेंतील हौशी चालकांच्या 'ऑटोक्रॉस' नांवाच्या खेळांत तो कसा सोडविला आहे, तें आज पाहूं.

मोकळ्या फरसबंद मैदानावर शंकू मांडून वळणावळणांची वाट आखतात. गाड्या एकमेकींशीं नव्हे, घड्याळाशीं झुंजतात. फेरी साधारण मिनिटभराची. पाडलेल्या प्रत्येक शंकूमागें वेळेंत 2 सेकंद मिळवितात. रोजच्या वापराची गाडीही येथें चालते, आणि पंचाईत तेथेंच आहे. लहान घरगुती गाडी व बलाढ्य क्रीडा-मोटार यांची तुलना करावी कशी?

1944 सालीं स्थापन झालेल्या 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' या संस्थेनें यासाठीं दोन कसोट्या लावल्या आहेत. पहिली, गाडीचा मूळचा वकूब. तो केवळ किमतीवरून किंवा अश्वशक्तीवरून ठरत नाहीं. वाट वळणांची असल्यामुळें वजन आणि टायरांची पकड यांनाही तितकेंच महत्त्व येतें. म्हणून 'स्ट्रीट' विभागांत होंडा फिटसारख्या साध्या गाड्या 'एच' वर्गांत, तर पोर्शे 911 चे अतिवेगवान प्रकार 'सुपर' वर्गांत बसतात.

दुसरी कसोटी, मालकानें केलेले फेरफार. 'स्ट्रीट' विभागांत शॉक ॲब्झॉर्बर बदलतां येतात, स्प्रिंगा बदलतां येत नाहींत. त्या बदलल्या कीं गाडी 'स्ट्रीट टूरिंग'सारख्या पुढच्या विभागांत जाते. शेवटच्या 'मॉडिफाइड' विभागांत केवळ शर्यतीसाठीं बांधलेल्या गाड्याही येतात. या नियमांचें मर्म एकच: ज्याची स्पष्ट परवानगी नाहीं, तें निषिद्ध. 'मनाई कोठें लिहिली आहे?' या पळवाटेस येथें थारा नाहीं. तो असता, तर विजय पैशानें विकत मिळाला असता आणि बेताच्या ऐपतीचा चालक घरींच बसला असता.

निरनिराळ्या वर्गांची तुलना करावयाची झाल्यास प्रत्येक वर्गास एक गुणक देतात. उदाहरणादाखल आंकडे घेऊं. संथ गाडीचा वेळ 50 सेकंद व गुणक 0.8, म्हणजे हिशेबीं वेळ 40 सेकंद. जलद गाडीचा वेळ 46 सेकंद व गुणक 0.9, म्हणजे 41.4 सेकंद. घड्याळांत मागें पडलेली गाडी हिशेबांत पुढें आली! हे गुणक पूर्वीच्या स्पर्धांच्या निकालांवरून बांधलेला अंदाज असतात, ही गोष्ट मात्र विसरतां कामा नये.

एकाच वर्गांतही एखादी गाडी सरस ठरतेच. म्हणून नियमांची वरचेवर फेरतपासणी होते. वर्गवारीनें गाड्या समान होत नाहींत. त्यांच्यांतील अंतर मात्र इतकें कमी होतें कीं, उरलेला फरक चालकाच्या हातांचा आणि नजरेचा आहे, असें प्रामाणिकपणें म्हणतां यावें.