रूळ आणि दरपत्रक

केंद्रीय अर्थसंकल्प सादर झाला की सर्वप्रथम चर्चा होते ती भांडवली खर्चाच्या आकड्याची. २०१९-२० मध्ये केंद्राचा हा खर्च सुमारे ३.३६ लाख कोटी रुपये होता. २०२५-२६ साठी ११.२१ लाख कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. या खर्चाने पोलाद-सिमेंटची मागणी वाढते, रोजगार निर्माण होतो आणि वाहतूक स्वस्त झाल्यास बाजारपेठा विस्तारतात, यात शंका नाही. परंतु मार्ग बांधणारे सरकार पुष्कळदा त्यावरील वाहतुकीची किंमतही ठरवते, आणि लाभ कोणाच्या पदरी पडणार याचा निर्णय त्या किमतीत दडलेला असतो. आपल्या इतिहासाने हा धडा दोनदा दिला आहे.

पहिला धडा ब्रिटिश अमदानीतला. रेल्वे कंपन्यांना भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती आणि तूट भारतीय करदाता भरून काढत असे. लोहमार्गांनी देश जोडला, धान्याच्या किमतींतील प्रादेशिक तफावत घटली. हे श्रेय नाकारता येत नाही. मात्र मालवाहतुकीचे दर बंदराकडे जाणाऱ्या व तेथून येणाऱ्या मालाला झुकते माप देणारे होते. अंतर्भागातील एका शहरातून दुसऱ्या शहरात माल नेणे त्या मानाने महाग पडे. १९१६ मध्ये नेमलेल्या औद्योगिक आयोगाने याची दखल घेतली आणि देशांतर्गत वाहतुकीला शक्यतो बंदरांच्या वाहतुकीइतकेच दर लावावेत, अशी शिफारस केली.

दुसरा धडा स्वतंत्र भारताचा, आणि तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. कारण येथे हेतू चांगला होता. देशात सर्वत्र उद्योग उभे राहावेत म्हणून १९५६ पासून पोलादासाठी वाहतूक खर्चाच्या समानीकरणाचे धोरण राबवण्यात आले. विक्री किमतीत देशभरातील सरासरी वाहतूक खर्चाचा समान आकार मिळवला जाई. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याशेजारचा उद्योजक प्रत्यक्ष खर्चापेक्षा अधिक रक्कम मोजे आणि त्या जादा रकमेतून दूरवरच्या ग्राहकाचा वाहतूक खर्च भागे. खाणीशेजारी राहण्याचा निसर्गदत्त लाभ अशा रीतीने एका शासकीय आदेशाने पुसला गेला.

तत्कालीन बिहार, पश्चिम बंगाल आणि ओडिशा यांच्याकडे खनिजे राहिली, अवजड पोलाद कारखाने राहिले. पण पोलादापासून यंत्रे, सुटे भाग आणि उपकरणे बनवणारे उद्योग कालांतराने इतरत्र सरकले. रोजगार अधिक असतो तो याच उद्योगांत. कच्च्या मालाची किंमत सर्वत्र सारखीच असेल, तर कारखानदार बंदर, मोठी बाजारपेठ व कुशल कामगार जेथे आहेत तेथेच जाणार. महाराष्ट्र, गुजरात आणि तमिळनाडू यांना त्याचा फायदा झाला. समन्याय पाळायचा तर कापसालाही हीच सवलत का नाही, हा पूर्वेचा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला.

पूर्व भारताच्या पीछेहाटीचा सारा दोष या एका धोरणावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. विजेची टंचाई, कामगार-मालक संघर्ष आणि ढिसाळ प्रशासन यांचाही त्यात वाटा आहे. तसेच पश्चिमेच्या प्रगतीमागे तेथील उद्यमशीलता आहेच. तरीही मुंबई-पुण्याच्या अभियांत्रिकी उद्योगाचा अभिमान बाळगताना त्याच्या पोलादाच्या वाहतुकीचा काही भार पूर्वेने वाहिला होता, याची जाणीव असावी.

पोलादावरील हे समानीकरण १९९० च्या दशकाच्या प्रारंभी संपले. तोवर सुमारे साडेतीन दशके लोटली होती. गेलेला उद्योग केवळ आदेश मागे घेतल्याने परत येत नाही; त्याच्याभोवती पुरवठादार, कारागीर, बँका आणि तंत्रशिक्षण संस्था यांचे जाळे विणले गेलेले असते.

आज मालवाहतुकीसाठी स्वतंत्र लोहमार्ग उभारले जात असताना हा इतिहास आठवणे आवश्यक आहे. पश्चिम मार्गिका दादरीहून मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत आखलेली आहे. मूळ आराखड्यात कोलकात्याजवळच्या दानकुनीपर्यंत जाणारी पूर्व मार्गिका मात्र लुधियानाहून १,३३७ किलोमीटर धावून बिहारमधील सोननगरला थांबली. शिवाय प्रवासी भाड्यातील तूट मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढण्याची रेल्वेची प्रथा कायम आहे. २०३० पर्यंत मालवाहतुकीतील रेल्वेचा वाटा ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. पण दर चढे राहिले तर व्यापारी माल ट्रकवरच लादेल आणि नव्या रुळांवरील गुंतवणुकीचे अपेक्षित फळ मिळणार नाही.

सेवेत असताना आढावा बैठकांत किती किलोमीटर काम झाले, किती निधी खर्ची पडला, हे हटकून विचारले जाई. त्या मार्गावरून कोणाचा माल कोणत्या दराने जाणार, हा प्रश्न क्वचितच निघे. तो प्रकल्पाच्या मंजुरीच्या वेळीच विचारला जावा. प्रत्येक सवलतीचा भार कोण उचलतो, हे जाहीर व्हावे. तिला मुदत असावी आणि मुदतीअखेर तिचा हिशेब संसदेपुढे यावा. समानीकरणाच्या धोरणाला असा आरसा वेळेवर दाखवला गेला असता, तर पूर्वेला इतकी वर्षे वाट पाहावी लागली नसती.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)