मानमोडी

जानेवारी २०२५. संक्रांतीच्या सुमारास उदगीर शहरातल्या उद्यानांत कावळे मरून पडू लागले. बघता बघता आकडा पन्नाशीपर्यंत गेला. पशुसंवर्धन खात्यानं मेलेले पक्षी तपासणीला पाठवले आणि भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचा निर्वाळा आला : बर्ड फ्लू, एच५एन१. भोवतालचा दहा किलोमीटरचा टापू सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर झाला.

आमच्या मराठवाड्यात परसातल्या कोंबड्यांना मर लागली की घरची बाई एकच नाव घेते, मानमोडी. कोंबडीची मान पिळवटते, ती पाय ओढत जागच्या जागी फिरते, हिरवट हगते आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. पशुवैद्यकाच्या लेखी हा राणीखेत. १९१८ साली इन्फ्लुएंझा आला तेव्हा महाराष्ट्रातल्या लोकांनी त्यालाही मानमोडीच म्हटलं. त्या साथीनं हिंदुस्थानातली एक कोटीहून जास्त माणसं नेली. राणीखेतचा विषाणू आणि इन्फ्लुएंझाचा विषाणू ही दोन वेगळी घराणी. तरी उदगीरचा कावळा कशानं मेला हे समजून घेताना या सामाईक नावाशी मी पुन्हा पुन्हा अडखळलो, कारण राणीखेत आणि बर्ड फ्लू पक्ष्याला मारतात ते एकाच युक्तीनं.

इन्फ्लुएंझाचा कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. त्याचा जनुकीय ऐवज सलग नसतो. आरएनएचे आठ सुटे तुकडे असतात. पेशीत शिरून तो प्रत्येक तुकड्याच्या भरमसाट प्रती काढून घेतो, पण एकही तुकडा कमी पडला तर नवा कण वांझ. हे आठ तुकडे योगायोगानं एकत्र येतात की निवडून भरले जातात, यावर संशोधकांत बरीच वर्षं वाद होता. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी पेशीतून कोंबासारख्या बाहेर येणाऱ्या कणांचे आडवे छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मधे एक तुकडा, भोवती सात, अशी नेटकी मांडणी त्यात दिसली. त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखांनी कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

मांडणी झाली की पेशीच्या आवरणाला फुगवटा येतो. एम१ हे प्रथिन आतून अस्तर लावतं, एम२ देठाशी आवळून कण तोडतं. तरीही कण पेशीच्या अंगावरच्या सियालिक आम्लाला चिकटून राहतो. न्यूरामिनिडेझ हे प्रथिन तो धागा कापतं तेव्हा कुठं तो सुटतो. २००९ च्या स्वाइन फ्लूत घरोघरी माहीत झालेली टॅमीफ्लूची गोळी अडवते ती हीच कात्री.

मारक युक्ती मात्र याच्याही आधी, जुळणी चालू असतानाच होऊन जाते. कणाच्या अंगावर हिमॅग्लुटिनिनचे काटे असतात. ते घडतात तेव्हा बंद असतात. एका ठरावीक सांध्यावर काप बसला तरच विषाणूला पुढच्या पेशीत शिरता येतं. साध्या फ्लूच्या काट्याला काप देणारी विकरं मुख्यतः श्वासमार्गात किंवा पक्ष्यांच्या आतड्यात मिळतात, म्हणून आजार तिथंच अडून राहतो. मारक एच५एन१ मध्ये त्या सांध्यावर आर्जिनिन, लायसिन अशा अमिनो आम्लांची ओळच लागलेली असते. ती ओळ फ्युरिन नावाचं विकर ओळखतं, आणि फ्युरिन शरीरात जवळजवळ सगळीकडं असतं. त्यामुळं काटा पेशीबाहेर पडण्याआधीच उघडतो आणि हृदय, यकृत, मेंदू, कोणतंच इंद्रिय विषाणूला परकं राहत नाही. राणीखेतच्या मारक वाणातही, दुसऱ्याच एका प्रथिनावर, अशीच ओळ असते. मान मोडते ती मेंदू गाठला म्हणून.

सुदैवानं माणसाच्या नाकाघशात पक्ष्यांच्या धाटणीचं सियालिक आम्ल कमी असतं, म्हणून हा विषाणू माणसांत सहज पसरत नाही. फुप्फुसाच्या तळाशी मात्र ते असतं, आणि तिथवर तो पोचला तर आजार फार गंभीर होतो. इतर सस्तन प्राण्यांनाही तो सोडत नाही : उदगीरच्या आधी काही आठवडेच नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच एच५एन१ नं गेले होते.

कावळा मेलेलं खातो. आजारानं मेलेली कोंबडी उकिरड्यावर पडली की विषाणूला उडायला पंख मिळतात. ती मेल्याचं खात्याला कळवावं हे खरं. पण नुकसानभरपाई मिळते ती सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. ज्या बाईच्या आठ कोंबड्यांपैकी सात रात्रीत गेल्या, तिनं उरलेल्या एकीसाठी सरकारला दारात का बोलवावं? सगळी दक्षता तिच्या निरोपावर उभी असताना हा नियम मला अन्यायाचा वाटतो.

तिनं निरोप दिलाच, तर पुढं काय होतं? जनुकीय चाचणी काही तासांत उत्तराकडं नेते. जुनी पद्धत मात्र डोळ्यांना दिसते. नमुना नऊ ते अकरा दिवस उबवलेल्या कोंबडीच्या अंड्यात टोचतात. दोन-चार दिवसांनी अंड्यातला द्रव काढून, छोट्या वाट्यांच्या ताटलीत कोंबडीच्या लाल रक्तपेशींबरोबर मिसळतात. विषाणू नसेल तर पेशी तळाशी बसून लाल ठिपका होतो. असेल तर काटे पेशींना एकमेकींत गुंतवून ठेवतात आणि वाटीभर फिकट गुलाबी जाळी पसरते. १९४१ मध्ये जॉर्ज हर्स्ट यांना हे प्रथम दिसलं ते अंड्यातली रक्तवाहिनी फाटून रक्त त्या द्रवात मिसळलं तेव्हा.

पण राणीखेतचा विषाणूही अशीच जाळी धरतो. इथवर दोन्ही मानमोड्या एकच दिसतात. म्हणून नव्या ताटलीत त्या द्रवात आधी एका ओळीत राणीखेतविरुद्धचं प्रतिद्रव्य मिसळतात, दुसरीत एच५ विरुद्धचं, मग रक्तपेशी घालतात आणि अर्धा-पाऊण तास थांबतात. बर्ड फ्लू असेल तर पहिल्या ओळीत जाळी पसरतेच. दुसऱ्या ओळीत पेशी गुंतत नाहीत, हळूहळू खाली सरकतात, आणि प्रत्येक वाटीच्या तळाशी लाल ठिपका उमटतो.