बुळकांडीनंतरचा पहारा

हिंदुस्थानातील गुरांच्या साथींवरचा सरकारी आयोगाचा अहवाल 1871 साली आला. तेव्हा बुळकांडी हा गुरांचा रोग गावात शिरला की दावणीच्या दावणी रिकाम्या होत. आधी ताप, मग नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण, शेवटी दुर्गंधीयुक्त हगवण. आठवड्या-दीड आठवड्यात जनावर दगावे. बैल गेला की पेरणी अडली, आणि पेरणी अडली की घर कर्जात बुडाले.

या संकटातूनच 1889 मध्ये पुण्यात प्रयोगशाळा उभी राहिली. चार वर्षांनी ती वस्तीपासून दूर, कुमाऊँच्या डोंगरातल्या मुक्तेश्वरला हलली. तिथे आधी रक्तजल तयार झाले आणि पुढे 1920 च्या दशकात एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी शेळ्यांमधून विषाणू सौम्य करून लस तयार केली.

स्वतंत्र भारताने 1954 मध्ये देशव्यापी निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. पाच वर्षांत किमान 80 टक्के गाई-म्हशींना लस टोचायची, असे ठरले. साथी झपाट्याने घटल्या; पण रोग मुळापासून गेला नाही. बाजार आणि फिरत्या कळपांबरोबर तो पुन्हा पुन्हा डोके वर काढत राहिला.

1992 नंतर युरोपीय समुदायाच्या मदतीने नवा प्रकल्प आला आणि कामाची दिशाच बदलली. कर्मचारी गावोगाव जाऊन रोग हुडकू लागले. त्याहून धाडसाचा निर्णय म्हणजे पुढे लसीकरणच थांबवले गेले. लस टोचलेले जनावर आणि रोगातून वाचलेले जनावर रक्तचाचणीत सारखेच दिसे. लस चालू असेपर्यंत रोग खरोखर संपला की नुसता झाकला गेला, हे कळणार कसे? 1995 नंतर देशात बुळकांडी आढळली नाही. 2006 मध्ये भारत संसर्गमुक्त ठरला आणि 2011 मध्ये सारे जग. माणसांतल्या देवीनंतर पृथ्वीवरून हद्दपार झालेला हा दुसराच रोग.

बुळकांडी गेली, तरी इतर रोगांवरचा पहारा चालूच राहिला. 2009 च्या केंद्रीय कायद्याने संसर्गजन्य रोगाची खबर देणे पशुपालकाचे कर्तव्य ठरवले. 2019 पासून लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिसविरुद्ध मोहीम सुरू झाली. जनावरांच्या कानात बारा अंकी बिल्ले आले. 2022 मध्ये लम्पी या गुरांच्या त्वचारोगाची मोठी साथ महाराष्ट्रात पसरली, तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली गेली. दगावलेल्या गाईमागे 30 हजार, बैलामागे 25 हजार आणि वासरामागे 16 हजार रुपये भरपाई ठरली.

या साऱ्या वाटचालीत एक गोष्ट ठळक दिसते. साथीची पहिली खबर गोठ्यातूनच येते. पण खबरीनंतर बाजार बंद झाला की अडचणीतल्या शेतकऱ्याचा विक्रीचा मार्ग तुटतो. मग आजार लपवण्याचा मोह होतो. म्हणून भरपाईची हमी साथ येण्याआधीच हवी, ती विनाविलंब मिळायला हवी आणि तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर हजर हवा. खबर देणारा शेतकरी नुकसानीत जाणार नाही, एवढी व्यवस्था सरकारने केली, तरच कायद्यातले कर्तव्य गोठ्यापर्यंत पोहोचेल.