वेदीवरील वस्त्रे, पात्रे आणि व्रते : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पूर्वी कर्झन रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनात कामकाजानिमित्त उतरलेला मराठी माणूस कॅनॉट प्लेस ओलांडून गोल डाकखान्याकडे गेला, की सेक्रेड हार्ट कॅथेड्रलची भव्य वास्तू त्याच्या दृष्टीस पडते. आणि रविवारची उपासना कुतूहलाने न्याहाळून तो परतला, तरी कॅथलिकांचे झगे, चषक व व्रतनियम यांविषयीचे त्याचे पूर्वग्रह बहुधा जसेच्या तसे राहतात. त्यांतील प्रमुख समजांची ही छाननी.

गैरसमज : दिल्लीतील मोठी चर्चे सारी कॅथलिकच.

वस्तुस्थिती : सेक्रेड हार्ट आणि राष्ट्रपती भवनानजीकचे कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन या दोहोंचा आराखडा हेन्री मेड या एकाच वास्तुविशारदाचा असला, तरी दुसरे मूळचे अँग्लिकन असून आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे. पुढील नियम पहिल्याच्या परंपरेचे.

गैरसमज : रविवारची मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, चुकली की पाप अटळ, आणि उपवास म्हणजे निरंकार.

वस्तुस्थिती : कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेनुसार रविवारच्या मिस्सेस उपस्थित राहणे बंधनकारक खरे, परंतु आदल्या सायंकाळच्या मिस्सेने ते कर्तव्य पुरे होते, आणि आजारी माणसास किंवा तान्ह्या मुलाची शुश्रूषा करणाऱ्यास त्यातून मोकळीक असते. उपवासाचे अनिवार्य दिवस राखेचा बुधवार व गुड फ्रायडे हे दोनच. तेही अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत, आणि त्या दिवशी एक पूर्ण भोजन व दोन वेळा अल्पाहार चालतो. मांसवर्जनाचा नियम चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांस लागू होतो. त्यात मासे वर्ज्य नाहीत, हे ऐकून एकादशी पाळणाऱ्या वाचकास नवल वाटावे.

गैरसमज : झग्याचा रंग धर्मगुरूचा हुद्दा किंवा हौस दर्शवितो.

वस्तुस्थिती : रंग ठरवितो तो उपासनेचा काळ. आगमनकाळी व प्रायश्चित्तकाळी जांभळा, नाताळ व पुनरुत्थानकाळी पांढरा, हुतात्म्यांच्या सणी व पेंटेकॉस्टला तांबडा, सामान्यकाळी हिरवा. हुद्द्याचा भेद दिसतो तो गळपट्टा घेण्याच्या रीतीत : धर्मगुरू तो गळ्यातून समोर सोडतो, तर डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरील दीक्षित सेवक, डाव्या खांद्यावरून तिरका घेतो. या वस्त्रांचा उगमही राजदरबारी नसून प्राचीन रोमन नागरिकांच्या नित्याच्या पेहरावात आहे.

गैरसमज : चषक सोन्याचाच हवा.

वस्तुस्थिती : पात्र मौल्यवान धातूचे असावे असा दंडक आहे, धातू गंजणारा किंवा सोन्याहून हलका असल्यास आतून मुलामा देतात. त्या त्या प्रदेशात प्रतिष्ठित मानलेले कठीण लाकूडही चालू शकते. मात्र काच व माती, सहज भंगणारी म्हणून, २००४च्या रोमच्या आदेशान्वये निषिद्ध ठरली.

गैरसमज : वेदीवरील वाइन म्हणजे दारूबंदीस दिलेली बगल.

वस्तुस्थिती : वाइन निर्भेळ द्राक्षांचीच असावी व तीत किंचित पाणी मिसळावे, असे संहिता सांगते, आणि १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेच धर्मविधीच्या वाइनसाठी स्वतंत्र तरतूद करून ठेविली आहे.

गैरसमज : हे सारे विलायती आणि अपरिवर्तनीय.

वस्तुस्थिती : २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा फेरफारांस मंजुरी दिली, त्यान्वये पारंपरिक वस्त्रांऐवजी साधा झगा व अंगवस्त्र, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, वेदीवरील चौकोनी वस्त्राऐवजी थाळी, तसेच अंजली व आरती यांना मुभा मिळाली, अंमल कोठे व किती करावा हे मात्र स्थानिक बिशपांवर सोपविले गेले. भाकरीचा गहू आणि चषकातील द्राक्ष यांत मात्र कसलीही सवलत नाही, कारण ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाशी असलेले नाते ज्या द्रव्यांवर उभे आहे ती बदलण्याचा अधिकार आपल्याला आहे असे खुद्द चर्चही मानीत नाही.