थायरॉइड शांत, काटा अशांत!

बजाजनगरकरांनो, अॅक्सिलरेटर अडकलेली स्कूटर डोळ्यांसमोर आणा. गाडी स्टँडवर, पण इंजिन भन्नाट पळतंय आणि पेट्रोल भसाभस जळतंय! थायरॉइड ग्रंथी अतिउत्साही झाली की शरीराचंही असंच होतं. छाती धडधडते, हात थरथरतात, थंडीतही घाम फुटतो. आणि दोन पोळ्या जास्त खाऊनही वजन उतरतं!

मग गोळ्या सुरू होतात, धडधड थांबते... आणि वजनकाटा सुसाट! घाबरू नका. यातलं बरंचसं वजन तुमचंच आहे. आजार नुसती चरबी नेत नाही, स्नायूही नेतो. उपचारांनी ते भरून यायला लागतात.

मग गोची कुठे? शरीराची उधळपट्टी थांबते, पण वाढलेल्या जेवणाची सवय लगेच सुटत नाही. त्यात शेजारी छोटं पंढरपूर, म्हणजे आषाढीला एकादशी, दुप्पट खाशी! शहरात शिरलात तर नान-खलिया वाट बघतोच आहे.

आकडा हवाय? घ्या! बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी 2019 मध्ये 1,373 रुग्णांचा हिशेब छापला. उपचारांनंतर बायकांचं वजन सरासरी साडेपाच किलोंनी वाढलं, पुरुषांचं चक्क 8 किलोंनी!

म्हणून बारीक राहायला गोळी चुकवायची? अजिबात नाही! मोकाट थायरॉइड हृदयाचा ठेका बिघडवते, हाडं ठिसूळ करते. उलट काटा फारच पळाला, थंडी वाजू लागली, सुस्ती आली, तर डॉक्टरांना गाठा. डोस जास्त होऊन ग्रंथी गरजेपेक्षा मंदावलेली असू शकते. टीएसएच आणि टी-फोरची रक्ततपासणी लगेच चुगली करते, आणि डोस बदलता येतो. हे मी अगदी कळकळीने सांगतेय हं!

माहीत आहे का? या आजारावर किरणोत्सारी आयोडीनही देतात, तेही तोंडावाटे! आयोडीन थेट थायरॉइडमध्ये जाऊन बसतं आणि जादा पेशींचा बंदोबस्त करतं. 8 दिवसांत त्याचा जोर निम्मा. पुढे ग्रंथी मंदावते, म्हणून बऱ्याच जणांना थायरॉइड हार्मोनची गोळी कायमची घ्यावी लागते. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 1963 पासून अणुवैद्यकाचं काम चालतं. आणि हे आयोडीन जिथे तयार होतं, ती ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी कधी सुरू झाली? 1985 मध्ये. वाळूजचा बजाजचा कारखाना? तोही 1985 मध्येच!

आणखी एक गंमत: हा डोस घेतलेल्या माणसामुळे काही आठवड्यांनंतरही विमानतळावरचे किरणोत्सार-शोधक वाजू शकतात. प्रवासात डॉक्टरांची चिठ्ठी हवीच!

मांजरांनाही हा आजार होतो, म्हाताऱ्या मांजरांना तर सर्रास. उपचार झाले की मनीही गुबगुबीत!

व्हाइट हाउसमध्ये तर जोडीचा योग. 1989 मध्ये अध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश यांना ग्रेव्हज आजार, म्हणजे थायरॉइड अतिउत्साही करणारा आजार, निघाला, 1991 मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनाही. थेट तिथलं पाणीच तपासायला घेतलं!

आणि अमेरिकेची धावपटू गेल डेव्हर्स? याच ग्रेव्हजच्या उपचारांत तिचे पाय इतके सुजले, की ते कापायची वेळ जवळ आली होती. 1992 ला बार्सिलोनात तीच बाई 100 मीटर 10.82 सेकंदांत पळाली. सुवर्णपदक! आणि 1996 ला अटलांटात पुन्हा तेच!