एकट्याची होडी आणि बेताचे शीड

मुळा नदीच्या डाव्या काठावर वाकड आणि समोरच्या काठावर म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल, अशी या परिसराची रचना आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारण्यात आलेल्या या संकुलात कुस्तीचे सामने होतात, तेव्हा मल्लाला मॅटवर उतरण्यापूर्वी वजनकाट्यावर उभे राहावे लागते. तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळावा, हा त्यामागील हेतू होय. या नियमाची धार किती तीक्ष्ण असते, हे ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस येथे साऱ्या देशाने पाहिले. ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या विनेश फोगाट १०० ग्रॅम अधिक वजनामुळे अपात्र ठरल्या.

याच मुळेच्या काठी, वाकडच्या खाली दापोडी येथे, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील लष्कराच्या रोइंग केंद्रात देशाचे अनेक वल्हेपटू घडले. वल्हवण्याच्या शर्यतींतही पॅरिस ऑलिंपिकपर्यंत हलक्या वजनाचा एक स्वतंत्र गट होता. पुरुषांच्या जोडीचे सरासरी वजन ७० किलोंहून अधिक नसावे, अशी त्याची अट असे. या गटातच भारताच्या अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये भाग घेतला होता.

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत मात्र वजनाचा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविण्यात आला आहे. तेथे खेळाडूला काट्यावर उभे करून गट ठरवीत नाहीत. त्याच्या वजनाला पेलेल असे शीड निवडतात. हा विचार नीट ध्यानात न घेतल्यामुळे होतकरू मुले-मुली पहिल्याच हंगामात पाण्याकडे पाठ फिरवितात. शाळा व क्रीडामंडळे यांच्याकडून साहित्याची खरेदीही चुकते. म्हणून हा विषय थोड्या विस्ताराने समजून घेणे अगत्याचे आहे.

एक होडी, तीन शिडे

एकट्याने चालवावयाच्या शर्यती होड्यांत जगभर सर्वाधिक प्रसार झालेली होडी म्हणजे ‘लेझर’. कॅनडाचे ब्रूस कर्बी यांनी तिचा आराखडा तयार केला आणि १९७१ मध्ये ती लोकांसमोर आली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ती पुरुषांसाठी आणि २००८ पासून, लहान शिडासह, स्त्रियांसाठी ऑलिंपिकमध्ये आहे. २०१९ पासून या होडीला ‘आयएलसीए’ या नावाने ओळखले जाते. लांबी सुमारे ४.२ मीटर आणि रिकाम्या होडीचे वजन सुमारे ५९ किलो. दोन माणसे ती सहज उचलून पाण्यापर्यंत नेऊ शकतात.

या होडीचा सांगाडा, सुकाणू, पाण्यात उतरणारी मधली फळी आणि शिडाच्या तळाची आडवी काठी, म्हणजे बूम, कायम राहतात. डोलकाठी दोन नळ्यांची असते आणि वरची नळी खालच्या नळीत बसवितात. शीड उशीच्या अभ्र्याप्रमाणे या काठीवर चढते. शीड लहान करावयाचे झाल्यास खालची नळी आणि शीड एवढेच बदलावे लागते. सर्वांत मोठे शीड ७.०६ चौरस मीटरचे, मधले ५.७६ चौरस मीटरचे व लहान ४.७ चौरस मीटरचे असते. आयएलसीए ७, आयएलसीए ६ आणि आयएलसीए ४ ही नावे या क्षेत्रफळांवरूनच आली आहेत. लहान शिडाची खालची नळी आखूड तर असतेच, शिवाय ती मागच्या बाजूला किंचित वाकविलेली असते. शीड लहान झाले की वाऱ्याच्या जोराचे केंद्र पुढे सरकते आणि होडी सुकाणूला नीट दाद देत नाही. नळीच्या या बाकामुळे ते केंद्र पुन्हा जागेवर येते.

तागडीचे गणित

वारा शिडावर आदळतो तेव्हा होडी पुढे जाते, तशीच एका अंगाला कलतेही. हा कल सावरण्यासाठी एकट्या खलाशाजवळ मुख्यतः एकच साधन असते, ते म्हणजे स्वतःचे शरीर. पाय होडीतील पट्ट्याखाली अडकवून, वाऱ्याच्या बाजूच्या काठावर बसून तो कमरेपासून वरचे अंग पाण्यावर झोकून देतो. एका पारड्यात वाऱ्याचा जोर आणि शिडाची उंची, तर दुसऱ्या पारड्यात माणसाचे वजन आणि होडीच्या मध्यरेषेपासूनचे त्याचे अंतर, अशी ही तागडी आहे. ती समतोल असेल तोवर होडी सपाट राहते, आणि सपाट होडीच वेगाने धावते.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २० किलोमीटरचा वारा २८ वर गेला, तर वेगात दीडपटीहूनही कमी वाढ होते. शिडावरील जोर मात्र जवळजवळ दुप्पट होतो. माणसाचे वजन त्या क्षणी एका ग्रॅमनेही वाढत नाही. सौम्य वाऱ्यात मोठे शीड झेपले म्हणून ते आपल्याला साजेसे आहे, असे मानणे त्यामुळे फसवे ठरते.

या तीन शिडांचे प्रमाण पाहण्यासारखे आहे. मोठे शीड १०० धरले तर मधले सुमारे ८२ आणि लहान सुमारे ६७ येते. ८० किलो वजनाचा खलाशी मोठ्या शिडावर बसला, तर दर चौरस मीटरमागे सुमारे ११.३ किलो वजन पडते. तेच प्रमाण राखावयाचे तर मधल्या शिडासाठी सुमारे ६५ किलो आणि लहान शिडासाठी सुमारे ५३ किलो वजन हवे. प्रत्यक्षात खेळाडू व प्रशिक्षक वापरतात तो ठोकताळाही याच्या जवळपासच आहे: ५५ किलोंच्या आत लहान शीड, ५५ ते ७० किलोंपर्यंत मधले आणि ७५ ते ८५ किलोंच्या सुमारास मोठे. मधल्या पट्ट्यातील व्यक्तीने उंची पाहावी. उंच माणसाचे अंग अधिक बाहेर झुकते व तेच वजन अधिक कामी येते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये आहाराच्या गणनेसाठी भारतीय पुरुषाचे प्रमाण वजन ६५ किलो आणि स्त्रीचे ५५ किलो धरले आहे. म्हणजे आपल्याकडील सामान्य बांध्याच्या प्रौढ पुरुषाला मधले शीडच योग्य होय, आणि स्त्रीचे स्थान मधल्या व लहान शिडाच्या सीमेवर येते. असे असता मोठे शीड हेच ‘खरे’ व बाकीची दोन मुलांची, ही समजूत अनेक ठिकाणी आढळते. तिला काही आधार नाही. नेत्रा कुमनन यांनी टोकियो व पॅरिस ही दोन्ही ऑलिंपिक मधल्या शिडावरच लढविली. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत नेहा ठाकूर यांनी लहान शिडाच्या मुलींच्या गटात रौप्यपदक मिळविले, तर लष्कराच्या विष्णू सरवणन यांनी मोठ्या शिडावर कांस्यपदक पटकावले. पदक देताना शिडाचे क्षेत्रफळ कोणी मोजत नाही.

दोघांच्या होडीत वजनाची वाटणी करता येते. हलक्या सुकाणूधारकाला भारी जोडीदार मिळाला की काम भागते. १९८२ च्या आशियाई स्पर्धांतील शिडाच्या शर्यती मुंबईस झाल्या, त्या वेळी फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक जिंकले ते ‘फायरबॉल’ या अशाच दोघांच्या होडीत. एकट्याच्या होडीत ही सोय नाही. वजन वाढविण्यासाठी पाण्याने भिजविलेले जाड कपडे अंगावर चढविण्याची युक्ती एके काळी सर्रास चालत असे; पाठीच्या कण्यावर येणारा ताण लक्षात घेऊन नियमांनी पुढे तिला मर्यादा घातली.

वाकडच्या शाळेतील उदाहरण

समजा, वाकड येथील शाळेतील नववीचा विद्यार्थी ४८ किलो वजनाचा आहे. घरापाशी मुळा वाहते खरी, पण शिडाच्या होडीला मोकळे, रुंद पाणी आणि अडथळ्याविना येणारा वारा लागतो. पुलांनी व उंच इमारतींनी वेढलेले हे नदीपात्र त्या कामाचे नाही. पवना किंवा खडकवासला यांसारखा जलाशय त्यासाठी हवा. खडकवासल्याच्या पीकॉक बे येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शीडविद्येचे शिक्षण घेतात, ते याच कारणाने.

या मुलाला मोठे शीड दिले, तर सह्याद्रीकडून झुळकीमागून झुळूक येऊ लागताच तो होडी चालविण्याऐवजी शीड सैल सोडून वारा सांडण्यातच गुंतून राहील. दोर ताणून शीड सपाट करता येते व त्याचा जोर काहीसा कमी होतो, पण त्यालाही सीमा आहे. होडी उलटली, तर तिच्या मधल्या फळीवर उभे राहून, स्वतःच्या वजनाने तिला पुन्हा सरळ करावे लागते. उंच डोलकाठी आणि पाण्याने भरलेले मोठे शीड ४८ किलोंना सहजासहजी उचलत नाही. दोन-तीन प्रयत्नांत दम संपतो आणि बचावाच्या होडीची वाट पाहावी लागते. लहान शिडावर हाच मुलगा त्याच वाऱ्यात होडी सपाट ठेवील, वळणे शिकेल आणि शर्यतीत इतरांच्या डावपेचांकडे पाहण्यास त्याला उसंत मिळेल.

याची उलट बाजूही आहे. ७८ किलोंच्या तरुणाने लहान शीड घेतले, तर मंद वाऱ्यात त्याची होडी पाण्यात रुतल्यासारखी चालते. शीड बेताचे हवे, म्हणजे ते लहानच हवे असे नव्हे.

वाढत्या वयाच्या मुलाचे वजन वर्षभरात पाच-सहा किलोंनी बदलू शकते. तेव्हा दर तिमाहीस वजनाची नोंद ठेवणे शिक्षकांना अवघड नाही. वजन सीमेवर आले की प्रथम सौम्य वाऱ्यात पुढचे शीड देऊन पाहावे. शिडासाठी मुलांना उपाशी ठेवणे किंवा बळेच खाऊ घालणे हे दोन्ही वर्ज्य समजावे, कारण या होडीची रचनाच तशी वेळ येऊ नये अशी आहे.

खरेदीच्या दृष्टीने पाहता, शाळा वा क्रीडामंडळाने तीन वजनांसाठी तीन होड्या मागविण्याचे प्रयोजन नाही. सांगाडे मोजकेच घ्यावेत आणि त्यांच्याबरोबर लहान व मधल्या शिडांचे संच अधिक संख्येने घ्यावेत. मागणीपत्रात शिडासोबत त्याला जुळणारी खालची नळी स्पष्टपणे नमूद करावी. ती विसरली, तर नवे शीड कपाटातच पडून राहते. प्रत्येकासाठी अंगाबरोबर बसणारे जीवरक्षक जाकीट, एक यांत्रिक बचाव-होडी आणि जलाशयाच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी यांची तरतूद पहिल्या शिडाच्या आधी व्हावयास हवी.